कुप्याची वामकुक्षी

कुपा मासा दुपारी वामकुक्षी घेतो, हा शोध जगात पहिल्यांदा लागला तेव्हा मिठाईचा डबा आमच्या घरी आला. आणला माझ्या थोरल्याने. मासा झोपतो की जागतो याचं ज्याला कधी सोयरसुतक नव्हतं, तो माणूस मिठाई आणतो म्हटल्यावर मला तिथेच वास यायला हवा होता. मी एक तुकडा तोंडात टाकला. गोड होता. आज त्याची आठवण झाली की चूळ भरावीशी वाटते.

कुपा म्हणजे मोठी माणसं ज्याला टूना म्हणतात तो. माणसाएवढा वाढतो आणि एका जागी राहत नाही. एका देशाच्या पाण्यात जन्मतो, दुसऱ्याच्या पाण्यात वाढतो, तिसऱ्याच्या जाळ्यात मरतो. त्यामुळे तो नक्की कुणाचा, हे ठरवायला सगळे देश मिळून बैठका घेतात. कुणी किती धरायचे, कधी धरायचे, ते ठरवतात आणि घरी जाऊन ज्याचं त्याच्या मनाचं करतात. भाऊबंदकीच ती, फक्त गळ्यात टाय बांधून केलेली.

बोटी माझ्या नावावर आहेत. मी चार बुकं शिकलेली, पण सही माझी आणि शब्दही माझा. बोटी चालवतो थोरला. शिवाय त्याचे समुद्रात पिंजरे आहेत. कुपे जिवंत वेढून आणायचे, जाळ्याच्या गोल पिंजऱ्यात कोंडायचे, बारके मासे चारून जाडजूड करायचे आणि मग विकायचे. पिंजऱ्यांजवळ गेलं की पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो आणि कुजलेल्या चाऱ्याचा असा भपकारा येतो, की पदर नाकावरून काढवत नाही. थोरला तिथे उभा राहून डबा खातो. नाकच मेलंय त्याचं.

धाकटा मालवाहू जहाजावर असतो, घरी पाहुण्यासारखा येतो. त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी सून, सरकारी मासे-संशोधन संस्थेत आहे. थोरला तिला ‘शास्त्रीणबाई’ म्हणतो, तेही दात विचकून. तिला बरीच वर्षं एकाच गोष्टीचा ध्यास: कुपे विणीला जातात कुठे? जवळच्या उथळ पाण्यात, की लांब खोल समुद्रात? उथळ पाण्यात जात असतील, तर विणीच्या दिवसांत तिथे जाळं टाकायला बंदी हवी, असं तिचं म्हणणं. भरल्या पोटाच्या माद्याच उपसल्या तर पुढे धरणार काय, पाणी?

आणि थोरल्याचे पिंजरे भरायचे ते त्याच उथळ पाण्यातून, त्याच दिवसांत. एकाच घरात, एकाच टेबलाला बसून, एकीने पाण्याला कुलूप लावायला बघायचं आणि एकाने ते उपसायचं. मी मध्ये वाढायला.

शोधासाठी माशाच्या पाठीत एक यंत्र टोचतात. टॅग म्हणतात त्याला. मुठीत मावेल असा छोटा भोपळा आणि त्याला तारेची शेपटी. मासा किती खोल गेला, पाणी किती गरम होतं, उजेड किती होता, सगळं तो टिपून ठेवतो. ठरलेले महिने झाले की आपोआप सुटून पाण्यावर येतो आणि जे टिपलं ते आभाळातल्या उपग्रहाला सांगून टाकतो. एकेक टॅग म्हणजे सोन्याचा दागिना. धाकटीने ते मिळवायला किती जोडे झिजवले, मी पाहिलंय.

टॅग टोचायला बोट मीच दिली. धाकटी ओल्या कापडाच्या झोळीत एकेक मासा घ्यायची, त्याच्या तोंडात समुद्राच्या पाण्याची नळी धरायची, डोळ्यांवर ओला फडका ठेवायची आणि एका झटक्यात टॅग टोचायची. लेकराला इंजेक्शन देताना आई बोलते तशी माशाशी बोलायची. मग मासे दमले म्हणून त्यांना थोरल्याच्या एका पिंजऱ्यात विश्रांतीला ठेवलं. दुसऱ्या दिवशी सोडायचं ठरलं, आणि नेमका माहेरून फोन आला, वडील सिरीयस. ती गेली.

मासे सोडायला संस्थेचे संचालक आले, बरोबर फोटोवाला. संचालकांनी पहिला मासा स्वतः सोडला. हसतमुख फोटो झाला, मग जरा गंभीर फोटो झाला. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, पोटावर हात फिरवला आणि थोरल्याला म्हणाले, “बाकीचे तुम्ही सोडाल ना? आमचं जेवण थांबलंय.”

“साहेब, तुम्ही निवांत जेवा,” थोरला म्हणाला. “मासे काय, आपलेच आहेत.”

महिने लोटले. टॅग वर आले, बोलले. सगळे कुपे खोल समुद्रात होते, उथळ पाण्याकडे फिरकलेही नाहीत. दिवसा खोल, रात्री वर. आणि दुपारी, काय आश्चर्य, जेवणवेळेनंतर सगळे वर येऊन निपचित. संचालकांना आनंदाचं भरतं आलं. खोल समुद्राच्या गोष्टीने मंत्री खूश, वामकुक्षीच्या गोष्टीने वर्तमानपत्रं खूश. फक्त एक मासा वेगळं सांगत होता. तो सरळ उथळ पाण्यात गेला होता, विणीच्या दिवसांत तिथेच घुटमळला होता आणि दुपारी काही झोपला नव्हता. संचालकांनी त्याच्यावर काट मारली. म्हणाले, हा एक वेडा आहे, हा धरायचा नाही. मग ती मिठाई.

सुटीचा दिवस होता, आम्ही जेवत होतो. माझा भाचाही होता, थोरल्याच्या बोटीवर खलाशी आहे तो. त्याला सगळे पेंगळ्या म्हणतात. पोटात घास गेला की याच्या पापण्या मिटल्याच. स्वतःच्या लग्नात पंगत उठायच्या आत घोरायला लागला होता. नवरीने चिमटा काढून उठवला.

“आई, मला काही हे पटत नाही,” धाकटी म्हणाली. तिच्या ताटातलं तसंच होतं. “रात्री वर येतात हे आधीपासून माहीत आहे. पण दुपारी कशाला? आणि सगळे एकदम! वर येतात, हलत नाहीत, मग सगळे एकदम खाली.”

“मधली सुटी होत असेल त्यांची,” थोरला म्हणाला. “शास्त्रीणबाई, शोध लागला तरी तोंड कडूच. एवढा मोठा मान मिळाला, जरा हसा की!”

“भाऊजी, हसायला काही हरकत नाही. पण एकदा तर ते सलग दोन दिवस वरच होते. खाली गेलेच नाहीत. मासा आजारी पडला तर एक पडेल, सगळे कसे पडतील?”

पेंगळ्याचे डोळे अर्धे मिटले होते. त्या गुंगीत तो म्हणाला, “तेव्हा मला ताप होता.”

थोरला मोठ्याने हसला. “याला काय, पाच मिनिटं बसवला की स्वप्न पडतं!” पण हसू कानापर्यंत पोचलंच नाही. धाकटी पेंगळ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, ताटावरून उठून ती आत गेली.

मी पेंगळ्याला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं.

“बोल.”

“काय बोलू आत्या?”

“तुला ताप आला की मासे का आजारी पडतात, ते बोल. नाहीतर तुझ्या बायकोला बोलावते.”

बायकोचं नाव काढल्यावर पेंगळ्या खडखडीत जागा झाला. थोरल्याने त्या दिवशी एकही मासा सोडला नव्हता. संचालकांची पाठ वळल्यावर सगळे टॅग पक्कडीने उपटले. मग ते एका दोराला वजन लावून बांधले, खोल समुद्रात जाणाऱ्या आमच्याच बोटीवर ठेवले आणि पेंगळ्याला कामाला लावलं. सकाळ झाली की दोर खाली सोडायचा, रात्री वर ओढायचा. दोराच्या टोकाला मासा नाही, काही नाही. नुसते भोपळे.

“आणि दुपारी?”

“दुपारचं दादा काही बोलला नव्हता,” पेंगळ्या रडवेला झाला. “पण जेवण झालं की मला झोप येते, तुला माहीतच आहे. दोर खाली ठेवून झोपलो आणि कुठे अडकला, तर एवढी महागाची यंत्रं जायची. म्हणून वर काढून ठेवायचो आणि मग झोपायचो. काळजीपोटी केलं गं आत्या!”

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. आभाळातला उपग्रह, देशोदेशीचे विद्वान, आणि सगळे मिळून अभ्यास कशाचा करत होते, तर पेंगळ्याच्या झोपेचा.

“मासे कुठे गेले मग?”

“पिंजऱ्यातच जाड केले, विकले. पण पाठीला भोक पडलेलं, तिथलं मांस काळंनिळं झालेलं. काही गिऱ्हाईकांनी परत पाठवले. मग...” तो पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला. “मग एक आपल्याकडे आणला होता. तूच विचारलंस ना, पाठीचा तुकडा असा काळा का म्हणून.”

हसू तिथेच वाळलं. मी चूल गाठली नाही, देव गाठला नाही, सरळ न्हाणीघर गाठलं. धाकटीने लेकरासारखा हाताळलेला मासा तिलाच वाढला होता. मी वाढला होता, माझ्या हाताने. ओकून ओकून पित्त पडलं, पण तो मासा कधीच पचून गेला होता. तो काय आता बाहेर येणार?

थोरला धक्क्यावरच्या बर्फघरात होता, पेट्या मोजून घेत. मला पाहून त्याने माणसांना बाहेर पाठवलं.

“पेंगळ्याने ओकलं वाटतं,” तो म्हणाला.

“ओकले मी. तू काय केलंस ते तुझ्या तोंडाने सांग.”

“त्यात सांगायचं काय? पाणी बंद झालं तर पिंजरे रिकामे राहतील. पोटासाठी करतो, आई.”

“पोटासाठी? पट्ट्याला तीनदा नवं भोक पाडलंस, तरी पोट पट्ट्यावर ओघळतंय. पोटाचं नाव घेऊ नकोस माझ्यासमोर.”

“सगळेच करतात,” त्याने खांदे उडवले. “एवढे देश बसून एकमेकांना थापा मारतात, ते चालतं. मी एक दोर सोडला तर आभाळ कोसळलं. आणि सांगायचंच असेल तर जा, सांग! बोटी कुणाच्या नावावर आहेत? परवाना जाईल तो तुझा. वडिलांनी उभं केलेलं तू बुडवशील, मी नाही.”

चूक झाली, एवढं जरी म्हणाला असता तरी मी थांबले असते. पण तो बर्फाचा खडा तोंडात टाकून कडाकडा चावत राहिला. एवढं मोठं धूड, आणि माझ्याच पोटातून आलेलं. त्याच्याकडे बघवेना.

घरी धाकटी कॉम्प्युटरसमोर बसली होती. दोराचं सगळं तिने पेंगळ्याकडून काढून घेतलं होतं. पडद्यावर समुद्राचा नकाशा आणि त्यावर एकच लाल रेघ, वळणं घेत उथळ पाण्यात शिरलेली.

“हा एकच सुटला होता, आई,” ती म्हणाली. “संचालकांच्या हातून, फोटोसाठी. एकच मासा खरा होता, आणि त्यालाच वेडा म्हणून काढून टाकला.”

“बैठक कधी आहे?”

“परवा. सगळे देश येणार. वामकुक्षीचा निबंध मी वाचायचा आहे, माझं नाव पहिलं घातलंय. तो वाचला की विणीचं पाणी कायमचं उघडं राहणार.” मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “आणि नाही वाचला, खरं सांगितलं, तर तुमच्या बोटी जातील.”

“म्हणून गप्प बसली आहेस?”

तिने कॉम्प्युटर बंद केला.

“माझ्या बोटींची काळजी करायला मी अजून जिवंत आहे,” मी म्हटलं. “उद्या पहिल्यांदा त्या हसतमुख संचालकाकडे जाऊ.”

संचालकांच्या खोलीत काचेच्या पेटीत एक पेंढा भरलेला कुपा होता. त्याच्या काचेच्या डोळ्यावर धूळ आणि पेटीवर कपाच्या बुडाचे चिकट गोल. पेंगळ्यालाही बरोबर नेलं होतं, त्याने सगळं सांगितलं. संचालकांनी चष्मा पुसला. मला वाटलं, आता विचारतील, हे खरं आहे का? त्यांनी विचारलं, “हे किती लोकांना माहीत आहे?”

“आम्हाला आणि तुम्हाला,” धाकटी म्हणाली.

“उत्तम. हे बघा आजी...”

“मी तुमची आजी नाही. माझे नातू दात घासतात, तुमच्यासारखे पिवळे ठेवत नाहीत.”

“बाई, बाई. समजून घ्या. खोली खरी आहे, उष्णता खरी आहे, उजेड खरा आहे. यंत्राने खोटं काहीच सांगितलेलं नाही. फक्त तिथे मासा नव्हता, एवढंच.”

एवढंच! लग्न झालं, जेवणावळ झाली, फक्त नवरा नव्हता. माणूस इतका गुळगुळीत असू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. गोगलगाय फिरली की मागे चकाकतं, तशी त्यांची भाषा.

मग ते पेंगळ्याकडे वळले. “तुमच्यासारखा अनुभवी माणूस संस्थेला हवाच आहे. सागरी सहायक म्हणून घेऊ. फक्त हा विषय इथेच संपवायचा.”

पेंगळ्याने माझ्याकडे पाहिलं. “आत्या, दुपारची सुटी असते का, तेवढं विचार ना.”

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तिघं बाहेर पडलो. जिन्यात धाकटी थांबली, कठड्याला धरून. म्हणाली, “आई, मी यांच्याकडून शिकले. माशाचं वय कसं ओळखायचं, ते यांनी शिकवलं मला.” तिच्या आवाजात राग नव्हता. हातात घेतलेलं फळ आतून किडकं निघावं तसं तिचं तोंड झालं होतं.

बैठकीच्या दालनात गालिचा, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि देशाच्या नावाची पाटी. मी बोटमालकांच्या रांगेत बसले. थोरला माझ्या मागे. त्याच्या श्वासाची ऊब मानेवर लागत होती. धाकटीचा पुकारा झाला. संचालक पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवत होते.

ती उभी राहिली. निबंध तिने उघडलाच नाही.

“कुपा मासा दुपारी झोपतो, असं मी तुम्हाला सांगायचं होतं,” ती म्हणाली. “झोपत होता तो दोर सोडणारा माणूस. मासे त्या वेळी पिंजऱ्यात होते.” आणि मग तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. एका माशाची लाल रेघ भिंतीवर दाखवली. हा मासा वेडा नाही म्हणाली, फक्त हाच मासा होता.

कुणीतरी विचारलं, पुरावा काय? मी उठले. थोरल्याने मागून माझा पदर धरला. मी तो सोडवून घेतला.

“बोट माझी,” मी म्हटलं. “दोर माझ्या बोटीवरून सोडला. ओढणारा माझा भाचा, सोडायला लावणारा माझा मुलगा. आणखी कसला पुरावा हवाय, पत्रिका?”

काही जण हसले. अध्यक्षांनी कानातलं यंत्र नीट केलं आणि म्हणाले, “नोंद घेतली आहे.” मग एक देश म्हणाला, खोटी माहिती रद्द करावी. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरा म्हणाला, पण मग एका माशावर पाणी बंद कसं करणार? त्यावर तर आणखी जोरात माना डोलावल्या. पाणी बंद करायचं की नाही, ते पुढच्या बैठकीत बघू, असं ठरलं. ठरायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त चहाला लागला.

चहाबरोबर ताटं फिरली. तळलेल्या कुप्याचे तुकडे, एकेकात काडी टोचलेली. ज्यांनी आत्ता मान डोलावली, तेच दोन दोन काड्या उचलत होते. एक गृहस्थ माझ्याजवळ आले, तोंड भरलेलं, ओठाला तेल. म्हणाले, “तुम्ही फार शूर आहात.” शब्दाबरोबर एक कण उडून माझ्या बाहीवर पडला. मी तो नखाने उडवला आणि धाकटीला हाक मारली.

त्या वर्षी विणीचं पाणी उघडंच राहिलं आणि सगळे तिथे तुटून पडले. संस्थेने धाकटीला वरच्या खोलीतून काढून धक्क्यावर माशांची मापं घ्यायला बसवलं. ती बसते. पोट फुगलेल्या माद्या पेट्यांतून येतात. ती एकेकीला पट्टी लावते, वजन घेते, लिहिते आणि कुणाशी बोलत नाही. वामकुक्षीच्या निबंधावरून संचालकांनी तिचं नाव काढलं. निबंध मात्र मागे घेतला नाही. म्हणे, त्यावर अजून विचार चालू आहे.

त्या सगळ्या देशांत परवाना एकाच घरचा गेला, आमचा.

सील लावायला अधिकारी आले तेव्हा थोरला धक्क्यावर बसला होता, पाय पाण्यावर सोडून. त्याच्या डोळ्यांदेखत आपलेच खलाशी घेतलेल्या दुसऱ्यांच्या बोटी मासळीने भरून आत येत होत्या. अधिकारी तरुण होता, अवघडला होता. म्हणाला, “बाई, किल्ल्या द्याव्या लागतील.” मी कमरेच्या किल्ल्या काढून दिल्या.

“बघ,” थोरला म्हणाला. “बघ डोळे भरून. पाणी बंद झालं? नाही. मासे वाचले? नाही. फक्त आपण बुडालो. आई आहेस की वैरीण?”

“आई आहे,” मी म्हटलं, “म्हणून तर किळस येते. दुसऱ्या कुणाचा असतास तर चार दिवस हसले असते आणि विसरून गेले असते.”

तो उठला, कपडे झाडले आणि शेजाऱ्याच्या बोटीकडे गेला, काम मागायला. त्यांनी त्याला घेतलं. त्यांना पिंजरे कसे भरायचे ते ठाऊक असलेला माणूस हवाच होता. अधिकाऱ्याने कागद पुढे केला. सही कुठे करायची ते बोटाने दाखवायला लागला, तर मी त्याचं बोट बाजूला केलं आणि सही केली.